दुःखाचा सराव

सुखाचं माप काढणारी पट्टी ज्या कोणी शोधून काढली, त्याला एकदा आमच्या खाडीत गुडघाभर चिखलात उभं करायची माझी फार इच्छा आहे. उभं करायचं आणि विचारायचं, "आता सांग, कसं वाटतंय?" त्यानं काहीही उत्तर दिलं तरी माझं समाधान होणार नाही, हे मला ठाऊक आहे. माझा स्वभावच तसा. मुळवली गावात प्रणाली डोर्लेकर येताना दिसली की लोक आधी आपला आवाज खाली करतात.

होडी जिथून पलीकडे सुटते, त्या धक्क्यावर माझी खानावळ आहे. आता आहे म्हणायचं एवढंच. पूर्वी सुकती लागली, म्हणजे खाडीचं पाणी ओसरलं, की गावातल्या बायका कोयत्या आणि टोपल्या घेऊन चिखलात उतरायच्या. तिसऱ्या, मुळे, कालवं अशी शिंपल्यांतली मासळी काढायच्या, आणि त्यातला निम्मा माल माझ्या चुलीवर यायचा. माझी धाकटी जाऊ रंजना त्या सगळ्यांच्या पुढे. तिचा नवरा मासेमारीच्या बोटीवर गेला तो परत आलाच नाही. पण रंजना पदर डोळ्याला लावून घरात बसली नाही. चिखलात पाय ठेवला की तिची जीभ सुटायची. ह्याची नक्कल कर, त्याला नावं ठेव, माझी तर रोजच टर उडव. बायकांचा हशा धक्क्यापर्यंत ऐकू आला की मी आधण ठेवायची, कारण माल येणार हे नक्की असायचं.

मग पलीकडच्या काठावर कंपनी आली. गाड्यांच्या बॅटऱ्यांना लागणारं रसायन तिथं बनतं. धूर नाही, आवाज नाही, पांढरीशुभ्र इमारत आणि पुढे हिरवळ. फक्त एक पाइप खाडीत सोडलेला. पहिल्या वर्षी तिसऱ्या बारीक झाल्या. दुसऱ्या वर्षी त्या तोंडं उघडून मरून पडायला लागल्या, आणि असा वास सुटला की गिऱ्हाइकं भरल्या ताटावरून उठली. बायकांच्या हातापायांची सालं निघाली. रंजनाच्या तळव्यांना भेगा पडल्या त्या काही केल्या भरेनात.

पाइप बंद करा म्हणून आम्ही दाद मागायला गेलो, तेव्हा ही पट्टी आडवी आली.

कल्याण कायदा तसा नवा. तो झाला तेव्हा त्याचं कौतुक मीही केलं होतं, कारण विचार ऐकायला फार छान होता. माणसाचं नुकसान पैशात मोजू नका, सुखात मोजा. कारखान्यामुळे, रस्त्यामुळे, धरणामुळे तुमच्या आयुष्यातलं सुख घटलं असेल तर ते दाखवा, न्यायाधिकरण ते काम थांबवेल. आता सुख मोजायचं कसं? पूर्वी म्हणे नुसतं विचारायचे. डोळ्यांसमोर दहा पायऱ्यांची शिडी आणा, वरच्या पायरीवर उत्तमात उत्तम आयुष्य, तळाला वाईटात वाईट, तर तुम्ही कितव्या पायरीवर? पण माणूस मोठा चिवट प्राणी. तो कशालाही सरावतो. अपघातात पाय गेलेला माणूस काही काळानं जवळपास आपल्या जुन्या पायरीवर जाऊन बसतो, आणि लॉटरी लागलेलाही हळूहळू आपल्या जुन्या पायरीवर उतरतो. शिवाय काही लोक खोटं बोलतात, काही भिडेपोटी बरं आहे म्हणतात. म्हणून विचारणं बंद करून मोजायचं ठरलं.

पट्टी कपाळावर, भुवयांच्या वर चिकटवायची. मेंदूच्या पुढच्या भागात डावीकडे आणि उजवीकडे बारीक विद्युतलहरी चालू असतात, त्यांतला फरक ती टिपते. काही हवंसं वाटलं, माणूस एखाद्या गोष्टीकडे झेपावला, की डावी बाजू जास्त कामाला लागते. माणूस मागे सरला, स्वतःला मिटून बसला, की उजवी. दहा दिवस पट्टी लावून ठेवली की शंभरपैकी एक आकडा येतो, तो तुमचा कल्याणांक. आकडा आला की विषय संपला. तुमच्या तळव्यांच्या भेगा, मेलेल्या तिसऱ्या, रिकामी खानावळ, यांतलं काहीही न्यायाधिकरणाला दाखवायचं कारण उरत नाही.

मापनाचे दिवस कोणते हवेत ते गावानंच ठरवायचं होतं. आम्ही शिमगा ठरवला. अशी अक्कल कोकणातल्या माणसालाच सुचणार. शिमग्याला मुंबईचे सगळे चाकरमानी घरी असतात, एकही कपाळ मोजायचं राहणार नाही, असा आमचा हिशेब. पट्ट्या लावून आम्ही होळीभोवती उभे राहिलो आणि बोंबा मारायला सुरुवात केली. आमच्याकडे शिमग्यात शिवी द्यायला देवाचीही हरकत नसते. दरवर्षी शिव्या वाटून दिल्या जातात, ह्या वर्षी सगळ्या एकट्या कंपनीला मिळाल्या. कंपनीचा मालक, मालकाचा बाप, पाइप, पाइप बसवणारा, कुणी सुटलं नाही. रंजना सगळ्यांच्या पुढे, घसा फुटेस्तोवर. असा राग माझ्या अंगात आयुष्यात कधी भिनला नव्हता. पालखी घरोघर फिरून जागेवर बसेपर्यंत आमचं तेच चाललं होतं.

निकाल आला. मुळवली हे जिल्ह्यातलं सर्वांत सुखी गाव ठरलं. कंपनी येण्याआधी सरकारी पाहणीत गावाचा जो आकडा होता, त्यापेक्षा हा कितीतरी वर. न्यायाधिकरणानं लिहिलं, "प्रकल्पामुळे ग्रामस्थांच्या कल्याणात वाढ झालेली दिसून येते. अर्ज फेटाळण्यात येत आहे. फेरमापनाची एक संधी देण्यात येते."

दुसऱ्या दिवशी कंपनीकडून घरटी एक पेढ्यांचा खोका आला. वर छापलं होतं, 'तुमच्या आनंदात आमचा आनंद.'

मी दारोदार फिरून खोके गोळा केले, होडीत घातले, पलीकडे नेले आणि त्या हिरवळीवर एकेक पेढा पायानं चिरडला. रखवालदार नुसता बघत राहिला. मला वाटतं, त्यानं कुणाला बोलावलं नाही कारण त्यालाही मजा वाटत होती.

माझी मुलगी सानिका पुण्याला ह्या पट्ट्या बनवणाऱ्या कंपनीतच नोकरीला आहे. मेंदूविज्ञान शिकली, माझ्या तिसऱ्यांच्या आमटीवर शिकली. निकाल ऐकून ती धावत आली आणि माझ्यासमोर ताट असूनही जेवेना.

"आई, शिमग्यात तुम्ही चिडला होतात ना?"

"चिडलो होतो? आग लागली होती आमच्या अंगाची."

"मग आकडा वर जाणारच," ती म्हणाली. "डावी बाजू सुखानं पेटते असं नाही. माणूस पुढे सरसावला की ती पेटते. आवडत्या गोष्टीकडे माणूस पुढे जातो, आणि ज्याच्यावर राग येतो त्याच्या अंगावरही पुढेच जातो. दोघांची वाट एकच. पट्टीला फक्त वाट दिसते. वाटेच्या टोकाला काय आहे ते दिसत नाही."

"आणि हे तुमच्या लोकांना माहीत आहे?"

"अभ्यासकांना फार पूर्वीपासून माहीत आहे."

"मग पट्टीला का नाही माहीत?"

सानिकानं भात चिवडला. "पट्टीचं माप बसवलं ते कॉलेजच्या मुलांवर. गार खोलीत बसवून त्यांना कुत्र्याच्या पिल्लांची, समुद्राची चित्रं दाखवली. तिथं कुणाला कशाला राग येईल? जे दोन-चार जण चिडले, त्यांची मापं गोंगाट म्हणून काढून टाकली."

गोंगाट! माझ्या हातात आमटी वाढायचा डाव होता, तो मी भिंतीवर फेकला. "चल. न्यायाधिकरणासमोर उभी राहा आणि हेच सांग."

"मी गुप्ततेच्या करारावर सही केलीय. आणि कायद्यानं पट्टी प्रमाणित आहे आई, तिच्या खरेखोटेपणावर तिथं बोलायलाच बंदी आहे. मी बोलले तरी ते ऐकणार नाहीत, माझी नोकरी मात्र जाईल."

ती खोटं बोलत नव्हती. म्हणूनच मला जास्त राग आला. तो अजूनही पुरता गेलेला नाही.

आमच्या वकील लिमयेबाई हुशार. मी त्यांना सानिकानं सांगितलेलं सगळं सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ पेन टेबलावर आपटत राहिल्या. मग म्हणाल्या, "प्रणालीताई, यंत्र चुकतं हे आपल्याला म्हणता येणार नाही. पण ते कसं चुकतं हे आता आपल्याला कळलंय. फेरमापनाला रागावू नका."

"म्हणजे?"

"हताश व्हा. खरोखर व्हा. आकडा आपोआप खाली येईल."

त्यांनी एक माणूस पाठवला. केळशीकर सर. अबोली रंगाचा सदरा, मऊ आवाज. पूर्वी हे गृहस्थ मोठमोठ्या कचेऱ्यांत आनंदाच्या कार्यशाळा घ्यायचे. झोपण्यापूर्वी दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी आठवा, उन्हात चाला, चार माणसांत मिसळा, पुढच्या महिन्यासाठी काहीतरी छान ठरवून ठेवा. ह्या सगळ्यानं माणूस खरंच थोडा सुखी होतो, ते संशोधनानं सिद्ध झालंय, असं ते म्हणाले. कल्याण कायदा आल्यापासून त्यांचा धंदा उलटा झाला होता. आता ते दुःख शिकवायचे.

शाळेच्या हॉलमध्ये आम्ही सगळ्या जणी बसलो. केळशीकर सर म्हणाले, "रोज संध्याकाळी तीन वाईट गोष्टी आठवायच्या. आपल्यापेक्षा ज्यांचं बरं चाललंय, त्यांचे फोटो बघायचे. बाहेर पडायचं नाही. खिडक्या लावून घ्यायच्या. एकमेकींकडे जायचं नाही."

"आनि शेजारनीकडं मीठ मागाया जायचा असला तर?" रंजनानं विचारलं. सगळ्या हसल्या.

"कृपा करून हसू नका," सर कळवळून म्हणाले. "आकडा वाढतो."

ह्यावर तर हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी हशा ओसरू दिला. मग त्यांनी अगदी हळू आवाजात शेवटचा नियम सांगितला. "आणि सर्वांत महत्त्वाचं. पाइप बंद होईल, ही आशा धरायची नाही."

मी उठून उभी राहिले. "मग हा उपद्व्याप करायचा कशासाठी?"

"पाइप बंद व्हावा म्हणून," सर म्हणाले. त्यांना त्यात काही विचित्र वाटलं नाही.

सराव सुरू झाला. सरांनी सरावाच्या पट्ट्या आणल्या होत्या, त्यांवर आकडा लगेच दिसायचा. संध्याकाळचा धक्का ओस पडला. दारंखिडक्या बंद. गावातून जाताना असं वाटायचं की सगळ्या घरांत एकाच वेळी कुणीतरी आजारी आहे. बायकांचे आकडे हळूहळू उतरायला लागले. माझा मात्र उतरेना. मी तीन वाईट गोष्टी आठवायला बसायची, पहिलीच गोष्ट पाइपची निघायची, आणि अंगात पुन्हा तिडीक उठायची. केळशीकर सरांकडे नुसतं बघितलं तरी माझा आकडा चढायचा.

एक दिवस सुवर्णा मावशी माझ्या दारात आल्या. गावातल्या बायका ह्यांचा शब्द मोडत नाहीत. त्या आत आल्या नाहीत, उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "प्रणाली, तुजा हा राग आता आवर गो. तुला बगून सगळ्यांचा राग उठतो, आनि आकडा वर जातो."

"मावशी, माझा राग काय नवा आहे?"

"नवा नाय. पन आता तो परवडनारा नाय आमाला."

ज्या बाईनं शिमग्यात माझ्या शेजारी उभं राहून कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, ती मला हे सांगत होती. फेरमापनासाठी न्यायाधिकरण गावातल्या फक्त पाच जणींना पट्टी लावणार होतं, आणि त्या पाच गावानं निवडायच्या होत्या. माझं नाव कुणी घेतलं नाही. पहिलं नाव रंजनाचं.

कारण रंजना सगळ्यांत खाली गेली होती.

रंजनाला कुठलंही काम अर्धवट करता येत नाही. चिखल काढायचा तर तळापर्यंत, नक्कल करायची तर समोरच्याला रडू येईपर्यंत. दुःखाचंही तिनं तेच केलं. आधी ती मला भिंतीपलीकडून हाक मारून सांगायची, "वयनी, आज पंचेचाळीस!" मग हाक बंद झाली. मग तिच्या न्हाणीतला पाण्याचा आवाज बंद झाला. आकडा मात्र गावभर व्हायचा. रस्त्यात बायका मला थांबवून सांगायच्या, "तुझ्या जावेनं तिशीच्या खाली नेला! धन्य आहे बाई तिची." केळशीकर सरांनी तिचं उदाहरण बाकीच्यांना द्यायला सुरुवात केली. गावात कुणाच्या मुलीला पहिला नंबर मिळाल्यावर बोलतात, तसे लोक बोलत होते, आणि मी ते ऐकून घेत होते. पाइप बंद व्हायला हवा होता. मलाही हवा होता.

मापनाच्या पट्ट्या लागल्या तेव्हा मी कुळथाचं पिठलं आणि भात घेऊन तिच्याकडे गेले. खिडक्या लावलेल्या. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. आदल्या दिवशी मी ठेवलेलं ताट तसंच होतं, त्यावर मुंग्या.

"रंजना, दोन घास खा."

"नको वयनी."

"अगं, मी इतकं तिखट केलंय की शिव्या देशील मला."

ती भिंतीकडेच बघत राहिली. पूर्वीची रंजना असती तर माझ्या पिठल्याच्या गुठळ्यांवरून तिनं तासभर माझी खेचली असती. मी तिच्या जवळ बसले. तिच्या केसांना वास येत होता. "थोडे दिवस राहिलेत फक्त. मग पाइप बंद. मग तू आणि मी चिखलात."

"पाइप बंद झाला काय आनि नाय झाला काय," रंजना म्हणाली. आवाजात चीड नाही, रडू नाही, काहीच नाही. "माजा आता काय अडलाय?"

मी बाहेर येऊन सानिकाला फोन लावला. तिनं मला बोलूच दिलं नाही. "आई, काकी किती दिवस झोपलीय अशी? जेवते का? मरणाबद्दल काही बोलली का?" मी सांगितलं तसा तिचा आवाज चढला. माझी मुलगी आहे ती, चढला तर चांगलाच चढतो. "हा सराव नाही राहिला, हे नैराश्य आहे. ऊन, चालणं, माणसं, हसणं, पुढच्या दिवसाची आशा, हीच तर ह्या आजारात सांभाळायची असतात. ती सगळी तुम्ही काढून घेतलीत तिच्याकडून. निरोगी माणूसही आजारी पडेल, काकीचा तर नवरा समुद्रात गेलाय. आत्ताच्या आत्ता पट्टी काढ आणि डॉक्टरकडे ने. मी निघतेय."

लिमयेबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "दहा दिवसांच्या आत पाचांतली एक जरी पट्टी निघाली तर अर्ज रद्द होईल. पुन्हा संधी नाही." आणि वर, "निर्णय तुमचा आहे, प्रणालीताई." वकिलांना हे वाक्य बरं सुचतं.

परत गेले तर रंजनाच्या पडवीत बायका बसलेल्या. त्यांना कुणकुण लागली होती. सुवर्णा मावशी दाराच्या चौकटीत उभ्या राहिल्या.

"आत जाव नको. थोडे दिवस गो. तिला आमीच बघतो. पानी पाजतो, सगळा करतो."

"ती मरेल मावशी."

"कोन मरत नाय! दुखना काय आमाला नाय झाला? घरात बसून बसून माज्या पन जिवाचा कायतरी झालाय. पन पाइप बंद झाला की सगळा गाव उठल परत. एकीसाठी सगळ्यांचा घालवनार तू?"

त्या चुकीचं बोलत होत्या असं मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. खाडी मेली तर गावात राहायचं कशासाठी? त्या पडवीतल्या प्रत्येक बाईच्या हाताची सालं निघालेली होती. आणि त्या सगळ्या जणी त्या बंद दाराकडे अशा बघत होत्या, की आत माणूस नसून आकडा झोपलाय. मला ते सहन झालं नाही. दुसरं काही कारण नाही. मी मावशींना ढकललं. वयानं मोठ्या बाईला मी ढकललं, आत गेले, आणि रंजनाच्या कपाळावरची पट्टी टर्रकन ओढून काढली. खिडक्या लाथेनं उघडल्या. ऊन तिच्या तोंडावर पडलं तसं तिनं नुसतं तोंड फिरवलं.

अर्ज रद्द झाला. कंपनीनं ह्या वेळी पेढे पाठवले नाहीत, त्याचीही गरज त्यांना वाटली नाही.

सानिकानं आणि मी रंजनाला रत्नागिरीला डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. त्या लागू पडायला वेळ लागतो, आणि तेवढ्या काळात गावानं माझ्याशी बोलणं टाकलं. खानावळीत चहालाही कुणी येईना. बोलत नव्हत्या तरी बायका माझ्या दारावरून जाताना मोठ्यानं थुंकायच्या. मी आतून मोठ्यानं भांडी आपटायची. केळशीकर सर आपला अबोली सदरा घेऊन दुसऱ्या गावाला दुःख शिकवायला गेले. सानिका पुण्याला परत गेली, त्याच नोकरीवर. जाताना म्हणाली, "माझ्यावरही चिडून घे." मी घेतलं.

रंजना रोज थोडं जेवायला लागली. मग अंगणात बसायला लागली. मग एका दुपारी ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. डोकं न्हालेली, पदर खोचलेला.

"वयनी, कोनी सांगितला होता तुला?"

"काय?"

"पट्टी काढायला! कोनी सांगितला होता?" तिचा आवाज चिरकला. "मी मेल्यागत पडली त्या खोलीत. माज्या नवऱ्याला रोज संध्याकाळी बुडताना बघितला मी, रोज, मुद्दाम! एवढा सगळा केला आनि तू येऊन एका झटक्यात पान्यात घातलास?"

"तू मरत होतीस."

"मग मेली असती! पाइप तरी बंद झाला असता! तुला तुज्या रागाशिवाय कोन दिसत नाय. तू मोठी शहानी, आनि आमी मूर्ख! तुजा पिठला पन कुत्रा खायचा नाय!"

तिच्या ओरडण्यानं बायका घराबाहेर आल्या. गर्दी झाली, आणि मग काय, सगळ्यांचीच तोंडं सुटली. मी ढकलल्याचं उट्टं मावशींनी काढलं. मी त्यांना सोडलं नाही. महिनोन्महिने ज्या दाबून धरल्या होत्या त्या सगळ्या शिव्या त्या धक्क्यावर एकाच वेळी मोकळ्या झाल्या. कुणी मला, कुणी लिमयेबाईंना, कुणी केळशीकरला, कुणी पट्टीला. भांडताना रंजनाचं लक्ष खाडीकडे गेलं. सुकती लागली होती. पलीकडच्या काठाला पाइपचं तोंड चिखलातून वर आलं होतं आणि त्यातून पिवळट पाणी गळत होतं, रोजच्यासारखं.

ती बोलता बोलता थांबली. "आता कोनता अर्ज हाय आपला?" तिनं विचारलं.

"कोनता नाय," मावशी म्हणाल्या. "सगळा संपला."

"मग आता आकड्याला कशाला भ्यायचा?"

कुणी कुणाला काही सांगितलं नाही. गावाच्या टोकाला मेलेल्या शिंपल्यांचे ढीग पडले होते. बायकांनी बारदानं आणली, शिंपले भरले, तोंडं सुतळीनं शिवली. पोती डोक्यावर घेऊन आम्ही चिखलात उतरलो आणि ओसरलेली खाडी तुडवत पलीकडच्या काठाला गेलो. इतक्या दिवसांनी पाय चिखलात गेले तेव्हा भेगा झोंबल्या आणि शिव्या आणखी सुचल्या. पाइपच्या तोंडात पहिलं पोतं रंजनानं घातलं. दुसरं मी. मग जुनी जाळी कोंबली, मग वासे ठोकले, मग पुन्हा पोती. पिवळं पाणी आधी थेंबाथेंबानं आलं, मग थांबलं. वर इमारतीत भोंगा वाजायला लागला, तो पहिल्यांदाच ऐकला आम्ही. रंजनानं त्या भोंग्याची हुबेहूब नक्कल केली.

पोलीस आले ते आमच्या चिखलाकडे बघून गाडीत घेईनात. शेवटी टेम्पो मागवला.

ताब्यात घेतलेल्या माणसाचा छळ झाला नाही हे दाखवायला पोलीस ठाण्यातही आता पट्टी लावावी लागते, तासाभराची. आम्हा सगळ्यांच्या चिखलानं माखलेल्या कपाळांवर महिला शिपाई पट्ट्या चिकटवत गेली. तास झाल्यावर फौजदारानं पडद्यावर आकडे बघितले, पुन्हा बघितले. तरुण माणूस होता, गोंधळून गेला.

"ह्या रंजना डोर्लेकर कोण?"

"मी," रंजना म्हणाली.

"तुमचा नव्वदच्या वर आहे. सगळ्यांचेच तसे आहेत, पण तुमचा जास्त." तो जरा चाचरला. "नियमाप्रमाणे मला लिहावं लागेल की ताब्यात असताना तुम्ही सुखी होतात."

मला वाटलं आता ही त्याच्या अंगावर जाणार. मी तिचा हात धरायला पुढे झाले. पण रंजना त्याच्या टेबलाशी गेली आणि वाळलेल्या चिखलाचे दोन्ही हात तिनं त्या स्वच्छ काचेवर ठेवले.

"लिवा," ती म्हणाली. "आज खरा हाय ता. सुखी हाय म्हनून लिवा. आनि त्याच्या खाली लिवा, पाइप आमी बुजवला."

फौजदार लिहायला लागला. कंपनी सकाळी पाइप मोकळा करणार हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. बाकावर माझ्याशेजारी सुवर्णा मावशी बसल्या होत्या. इतक्या दिवसांत त्या माझ्याशी नीट बोलल्या नव्हत्या. त्या माझ्या कानाशी लागल्या.

"उद्या सुकती किती वाजता गो?"